वेगाची चाके : दिखाव्यापेक्षा मजबुती पाहा

आजचे तरुण हौसेने रोड बाईक घेतात आणि दुकानात येऊन ‘वारा कापणारी’ चाके मागतात. सायकल व्यवसायातील बांधवांनी असा माल भरताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून खोल रिमचा फायदा साधारण ताशी ३० किलोमीटरच्या पुढेच जाणवतो. त्यातही अडथळ्याचा मोठा हिस्सा स्वाराच्या अंगाचा, चाकांचा थोडा.

५० मिलिमीटर खोल कार्बन रिम झोकदार दिसते. पण आडव्या वाऱ्यात पुढचे चाक ओढते. रिमवरच ब्रेक लागत असेल तर घाटाच्या उतारावर ती तापून खराबही होऊ शकते. ३० मिलिमीटरची ॲल्युमिनियम रिम स्वस्त आणि टिकाऊ. २४ ते २८ साधे, वाकड्या डोक्याचे आरे, पितळी निपल आणि बाजारात सहज मिळणारे बेअरिंग असले, की आरा तुटला तरी गल्लीतला कारागीर नवा घालून आऊट काढून देतो. फ्रेममध्ये बसत असेल तर २८ मिलिमीटरचा टायर द्यावा. खड्ड्यात रिम वाचते.

मालाचा ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये मना आहे. गिऱ्हाइकाला खरे ते सांगा. नफा थोडा कमी होईल, बरकत राहील.