प्रीसेटला गायकाचा गळा ठाऊक नसतो!

प्रतिनिधी

गाणे ध्वनिमुद्रित करायचे म्हणजे एकेकाळी स्टुडिओची तारीख मिळविणे, वादकांना एकत्र आणणे आणि तासाच्या हिशेबाने पैसे मोजणे असा मोठा खटाटोप असे. संगणक, ऑडिओ इंटरफेस, एक मायक्रोफोन आणि बरासा हेडफोन एवढ्या सामग्रीवर तेच काम आता घरातल्या खोलीत होते. भावगीत असो, अभंग असो वा स्वतः रचलेले गाणे, ते ध्वनिमुद्रित करणे सोपे झाले आहे. अवघड राहिले आहे ते पुढचे काम. गळा, पेटी, तबला अशा वेगवेगळ्या ट्रॅकचे एकजीव मिश्रण करणे, म्हणजेच मिक्सिंग.

हे काम एका क्लिकसरशी करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या प्लग-इनची बाजारपेठ मोठी आहे. पैसे त्यांच्यावर खर्च करावेत, की वेळ खर्चून मिक्सिंगची मूलतत्त्वे शिकावीत, असा प्रश्न प्रत्येक नवोदितासमोर कधी ना कधी उभा राहतो.

प्रीसेट म्हणजे काय?

ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडून वापरायचा छोटा प्रोग्रॅम म्हणजे प्लग-इन. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये ‘व्हीएसटी’ हे तंत्र आणले आणि त्यानंतर स्टुडिओतील अवजड यंत्रांची कामे साध्या संगणकावर होऊ लागली. अशा प्लग-इनची सर्व बटणे कोणीतरी जाणकाराने विशिष्ट ठिकाणी फिरवून ठेवली आणि त्या मांडणीला नाव दिले, की झाला प्रीसेट. ‘उबदार गळा’, ‘ठसठशीत ढोल’ अशा धर्तीची त्यांची नावे असतात. मांडणी करणारा बहुधा वाकबगार असतो; मात्र त्याने ती स्वतःपुढील आवाजावर केलेली असते, विकत घेणाऱ्याच्या आवाजावर नव्हे.

एकच आकडा, दोन परिणाम

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कॉम्प्रेसरचे. ठराविक मर्यादेपलीकडे गेलेला आवाज दाबून लहान-मोठ्या आवाजांतील तफावत कमी करणे हे त्याचे काम. ही मर्यादा म्हणजे थ्रेशोल्ड. समजा, एका प्रीसेटमध्ये ती उणे २० डेसिबलवर आणि दाबण्याचे प्रमाण चारास एक असे ठेवले आहे. एका गायिकेचा आवाज ध्वनिमुद्रणात उणे ८ डेसिबलपर्यंत चढतो. म्हणजे तो मर्यादेच्या १२ डेसिबल वर गेला. ढोबळ हिशेबाने त्यातील ९ डेसिबल दाबले जातील आणि गाण्यातील चढ-उतारच सपाट होईल. दुसऱ्या गायकाने जपून ध्वनिमुद्रण केले असून त्याचा आवाज उणे २२ डेसिबलच्या वर जात नाही. त्याच्यावर तोच प्रीसेट काहीही परिणाम करणार नाही. आकडा एकच, एकीचे गाणे चिरडले गेले, दुसऱ्याचे जसेच्या तसे राहिले.

इक्वलायझरचेही तसेच. १२० हर्ट्झच्या खालचा भाग कापणारा प्रीसेट स्त्रीच्या आवाजावर लावला, तर पंख्याची आणि रस्त्यावरील वाहनांची घरघर तेवढी कमी होते. पुरुषाच्या बोलण्यातील मूळ स्वर मात्र साधारणपणे ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. खर्जातील गळ्यावर किंवा डग्ग्यावर हाच प्रीसेट लावला, तर घुमाराच नाहीसा होतो. ‘आवाज खुलविण्यासाठी’ ५ ते ८ हजार हर्ट्झचा पट्टा उचलणारी मांडणी एखाद्या मंद आवाजाला उपकारक ठरते. मुळात धारदार असलेल्या आवाजात ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे कानाला बोचू लागतात.

आणखी एक अडचण अशी, की गळ्यासाठी केलेल्या प्रीसेटला शेजारी पेटी वाजते आहे, याची कल्पना नसते. पेटी गायकाच्या सुरांची साथ करते. साहजिकच दोघांचे स्वर एकाच पट्ट्यात येतात आणि शब्द झाकले जातात. अशा वेळी गळा चढविण्याऐवजी पेटी थोडी उतरविणे हाच बहुधा योग्य उपाय असतो. प्रत्येक ट्रॅकवर ‘उत्तम’ प्रीसेट लावला, की प्रत्येक वाद्य एकटे ऐकताना झळाळते आणि एकत्र मात्र गलका होतो.

कानाची फसगत

तरीही प्रीसेट लावताक्षणी गाणे सुधारल्यासारखे वाटते, ते का? बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाजाच्या पातळीनुसार कानाची संवेदनशीलता बदलते. आवाज वाढला, की खालचे सूर अधिक भरदार भासतात. अनेक प्रीसेट एकूण आवाजही थोडा वाढवतात आणि कान त्या वाढीलाच सुधारणा समजतो. यावर उपाय सोपा आहे. प्लग-इनमधून बाहेर पडणारा आवाज मूळ आवाजाइतकाच करावा आणि मगच प्लग-इन चालू-बंद करून तुलना करावी. या कसोटीवर अनेक प्रीसेटची जादू ओसरते.

‘हुशार’ प्लग-इनचे काय?

आयझोटोप कंपनीच्या ‘न्यूट्रॉन’ने २०१६ मध्ये ट्रॅक स्वतः ‘ऐकून’ मांडणी सुचविण्याची सोय आणली. अशी प्लग-इन आलेल्या आवाजाची पातळी मोजतात. त्यामुळे थ्रेशोल्डचा वरील आक्षेप त्यांना तितकासा लागू होत नाही आणि सुरुवात करून देण्यास ती उपयोगी पडतात. मात्र अभंगात शब्द पुढे हवेत की टाळ-मृदंगाचा गजर, हा निर्णय मोजमापाचा नसून अर्थाचा आहे. तो गाणाऱ्याने किंवा मिश्रण करणाऱ्यानेच घ्यायचा असतो.

शिकायचे कोठून?

मोजक्या मायक्रोफोनवर सारे वादक एकत्र ध्वनिमुद्रित होत, त्या काळी कोणी मायक्रोफोनच्या जवळ बसायचे आणि कोणी दूर, यावरच गाण्याचा समतोल साधला जाई. मिक्सिंगचे पहिले सूत्र आजही तेच आहे. प्रथम एकही प्लग-इन न लावता केवळ आवाजाची पातळी आणि डावी-उजवी बाजू ठरवून संपूर्ण गाणे ऐकावे. ते मोबाइलच्या छोट्या स्पीकरवरही ऐकून पाहावे. त्यानंतर इक्वलायझर, कॉम्प्रेसर आणि शेवटी रिव्हर्ब अशा क्रमाने एकेक साधन हाताळावे. ‘रीपर’ वा ‘गॅरेजबँड’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही साधने मुळातच असतात, त्यासाठी वेगळा खर्च नको. खोलीचा घुमणारा आवाज तर ध्वनिमुद्रणापूर्वीच रजया, गाद्या आणि जाड पडदे लावून आवरलेला बरा. एकदा मुद्रित झालेला घुमारा कोणताही प्रीसेट सहजी पुसू शकत नाही आणि त्यावर ‘सभागृहा’चा रिव्हर्ब चढविला, तर गोंधळ वाढतो.

याचा अर्थ प्रीसेट टाकाऊ आहेत, असा नाही. अनुभवी मंडळीही वेळ वाचविण्यासाठी ते वापरतात. परंतु लावल्यानंतर ती थ्रेशोल्ड हलवतात, नको तो पट्टा काढून टाकतात. नवोदितांनीही प्रीसेट उघडून कोणते बटण कोठे आहे आणि ते फिरविले तर काय बदलते, हे पाहावे. तसे केल्यास तो उत्तम पाठ्यपुस्तक ठरतो.

एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. मूळ, प्रक्रिया न केलेले ध्वनिमुद्रण जपून ठेवावे. मिश्रण दहा वेळा नव्याने करता येते. घरातील एखाद्या वृद्धेने गायिलेल्या ओव्या पुन्हा मुद्रित करण्याची संधी मिळेलच असे नाही. आज कान तयार नसला, तरी दोन वर्षांनी तो झालेला असेल. तेव्हा हाताशी मूळ आवाज हवा.