रक्तदाब मोजताना हिरड्याही तपासा

ब्रश करताना थुंकीत रक्त दिसलं की अनेक जण त्या बाजूला घासणंच टाळतात. दुखत नसल्यामुळे गोष्ट तिथेच विसरली जाते. पण निरोगी हिरडीतून ब्रशने सहसा रक्त येत नाही. ते येतं हिरडी सुजल्यामुळे, आणि ही सूज तोंडापुरती राहत नाही.

दातांवर रोज जिवाणूंचा चिकट थर बसतो. तो वेळच्या वेळी निघाला नाही, तर लाळेतल्या क्षारांमुळे कडक होऊन त्याचं कीटण बनतं. हळूहळू हिरडी दातापासून सुटते, मधल्या फटीत जिवाणू ठाण मांडतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. आपल्याकडे पायोरिया म्हणतात तो हाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १०० कोटींहून अधिक लोकांना तो तीव्र स्वरूपात आहे.

ही फट आतून उघड्या जखमेसारखी असते. चावताना, दात घासताना तिथले जिवाणू रक्तात शिरतात. त्यांच्याशी लढताना शरीर जी दाहकारक रसायनं सोडतं, तीही रक्तातून सगळीकडे फिरतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि त्यामुळे वाहिन्या सैलावतात. दाह रेंगाळला की हे काम मंदावतं, वाहिन्या ताठर होतात, रक्तदाब वाढतो.

तंबाखू, मधुमेह आणि वाढतं वय हिरड्यांचा आजार आणि उच्च रक्तदाब या दोन्हींना खतपाणी घालतात. मग दोन्ही नुसतेच सोबत आढळतात, की एकामुळे दुसरा बळावतो? पोलंडमधल्या क्राकूव्हच्या संशोधकांनी उच्च रक्तदाब आणि हिरड्यांचा आजार असलेल्या १०१ जणांवर चाचणी घेतली. एका गटाची हिरडीखालपर्यंत सखोल सफाई केली, दुसऱ्याची फक्त वरवर. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन महिन्यांनी सखोल उपचार झालेल्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ११ अंकांनी कमी होता. सगळ्याच चाचण्यांत एवढी घट दिसलेली नाही, तरी हिरड्यांचे उपचार रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतात याला यातून बळ मिळालं. हिरड्यांच्या आजाराचं मधुमेहाशी नातं तर दुहेरी आहे: वाढलेली साखर हिरड्या बिघडवते, आणि हिरड्यांवर उपचार केल्यास साखर काहीशी आटोक्यात येते.

महाराष्ट्रात तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बायकांनी अधिक सावध राहायला हवं. तंबाखूमुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा घटू शकतो. मग आजार आत वाढतो, पण रक्त कमी दिसतं. जंतुनाशक माउथवॉशही मनाने रोज वापरू नये. जिभेवरचे काही जिवाणू पालेभाज्यांमधल्या नायट्रेटपासून रक्तदाबाला उपकारक घटक बनवतात. ते मरून चालणार नाही.

दिवसातून दोनदा ब्रश, दातांच्या फटींची सफाई, तंबाखूला रजा आणि दंतवैद्याकडून नियमित तपासणी, एवढं प्रत्येकाने करावं. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. अॅम्लोडिपिनसारख्या गोळीने काहींच्या हिरड्या फुगतात. तसं झालं तर डॉक्टरांना सांगावं, ते गोळी बदलून देऊ शकतात. डॉक्टरांनी बीपी तपासताना हिरड्यांची चौकशी करावी आणि दंतवैद्यांनी खुर्चीवरच्या रुग्णाचा रक्तदाब मोजावा. दोघांनाही यासाठी काही मिनिटंच लागतील, पण अनेकांचा आजार वेळेत सापडेल.