मंगळावर जिवाणू जगतील का? गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘काही जिवाणू इतके चिवट असतात की ते मंगळावरही जगतील,’ असं सर्रास ऐकू येतं. चिवटपणाबद्दल वाद नाही. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स हा जिवाणू १९५६ साली अमेरिकेत सापडला तोच किरणोत्सर्गानं निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात. जपानी शास्त्रज्ञांनी त्याच्या जातीचे वाळवलेले थर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाबाहेर तीन वर्षं उघडे ठेवले. अर्ध्या मिलिमीटरहून जाड थरांत वरचे मेले, त्यांच्या आडोशानं खालचे वाचले. पण तिथं ते वाढले नाहीत. पृथ्वीवर परत आणून पाणी आणि अन्न दिल्यावरच त्यांची वाढ सुरू झाली. निपचित पडून तग धरणाऱ्या जिवाणूची वस्ती होत नाही. त्यासाठी खाणं, वाढणं, दुभंगणं लागतं.

‘मंगळावर पाणी आहे, मग अडचण काय?’ हा गैरसमज बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला चटकन उमगेल. नीरा नदी नरसिंहपूरला भीमेला मिळते, पण त्याआधीच तिचं पाणी डाव्या कालव्यानं या रानांत पोचतं. कालव्यामागून ऊस आला, आणि निचरा नसलेल्या जमिनींवर पांढरा क्षार वर आला. हॅरल्ड मान आणि ताम्हणे या कृषिशास्त्रज्ञांनी नीरा खोऱ्यातल्या या क्षारपड जमिनींचा अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला. अशा रानात ओल असते, तरी पीक सुकतं. मातीतलं मीठ पाणी धरून ठेवतं, मुळांना ते ओढता येत नाही. मंगळावर हेच फार टोकाला जातं. २००८ साली फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट हे क्षार सापडले. ते कडाक्याच्या थंडीतही पाणी गोठू देत नाहीत, पण ते पाणी जिवाणूच्या हाती लागणं महाकठीण. शिवाय हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी, आणि अतिनील किरणांना अडवायला ओझोनचा पुरेसा थर नाही. एडिंबरातल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं की अतिनील किरण आणि परक्लोरेट एकत्र आले की बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू मिनिटभरात मरतो.

परग्रहावरच्या जिवाणूंबद्दल आपल्याकडचा आणखी एक गैरसमज असा, की ‘खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी परग्रहावरचे जिवाणू शोधले’. ज्या प्रयोगावरून हे बोललं जातं, तो खरा आणि मोठ्या हिमतीचा होता. २० एप्रिल २००५ रोजी इस्रोच्या या प्रयोगात हैदराबादहून फुगा सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात तिची तपासणी झाली. तीन नव्या जाती मिळाल्या: खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या नावाची जॅनिबॅक्टर हॉयली, इस्रोच्या नावाची बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि आर्यभटाच्या नावाची बॅसिलस आर्यभट्टाय. जवळच्या भाईबंदांपेक्षा त्या अतिनील किरण जास्त सोसतात. पण २००९ साली निष्कर्ष जाहीर करताना इस्रोनंच म्हटलं, की त्यांचं मूळ पृथ्वीबाहेरचं असल्याचं यातून सिद्ध होत नाही. आर्यभट्टाय पुढे साध्या मातीतही सापडला. मला या सावधपणाचा अभिमान वाटतो. नारळीकरांनी आयुष्यभर पुरावा मागायला शिकवलं, तो इथंही मागितला गेला.

मग मंगळाचा प्रश्न निकालात निघाला का? पृष्ठभागापुरता, बराचसा. खोलवर मात्र नाही. अतिनील किरण मातीच्या पातळ थरानंही अडतात. अंतराळातून येणाऱ्या किरणोत्सर्गाचा मारा टाळायला अधिक खोल जावं लागतं. म्हणूनच युरोपच्या रोझालिंड फ्रँकलिन या मंगळगाडीला दोन मीटर खोल जाणारं गिरमिट बसवलं आहे.