जयपूरच्या रखरखाटात ‘रुई’वर पोसली जाते कीटकसृष्टी

जयपूर : मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकू लागला की जयपूरभोवतीच्या अरवलीच्या उतारांवरील गवत करपून जाते. त्याच काळात रस्त्यांच्या कडेला, मोकळ्या भूखंडांवर आणि रेताड पडीक जमिनीत राखाडी-हिरव्या पानांचे एक झुडूप मात्र पांढऱ्या-जांभळ्या फुलांनी बहरलेले असते. राजस्थानात त्याला ‘आक’ म्हणतात. मारुतीला वाहिल्या जाणाऱ्या माळेमुळे मराठी घरांत ते ‘रुई’ म्हणून परिचित आहे.

रुईच्या दोन प्रमुख जातींपैकी जयपूर परिसरात आढळते ती प्रामुख्याने लहान फुलांची ‘कॅलोट्रॉपिस प्रोसेरा’. खोलवर जाणारी मुळे आणि पानांवरील मेणचट लव यांमुळे ती तीव्र उन्हातही तग धरते. पान तोडताच पाझरणारा पांढरा चीक विषारी असल्याने गुरे आणि शेळ्या सहसा तिच्या वाटेला जात नाहीत.

हेच विष ‘प्लेन टायगर’ या नारिंगी फुलपाखराचे कवच ठरते. त्याची मादी रुई आणि तिच्या कुळातील वनस्पतींच्या पानांवर अंडी घालते. अळ्या ही पाने खातात, चिकातील हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये शरीरात साठवतात आणि ती पुढे फुलपाखरातही उतरतात. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा सहसा त्याकडे फिरकत नाही. या दबदब्याचा लाभ आणखी एक फुलपाखरू घेते. ‘डॅनेड एगफ्लाय’ची मादी हुबेहूब ‘प्लेन टायगर’सारखी दिसते. तिची अळी मात्र भाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या निरुपद्रवी घोळीवर वाढते.

रुईचे परागीभवनही वेगळे आहे. तिचे पराग सुटे नसून लहान पिशव्यांत बांधलेले असतात. मधासाठी फुलावर उतरलेल्या काळ्या भुंग्याच्या पायांना या पिशव्या अडकतात आणि दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचतात. शिंजीर पक्षीही या फुलांतील मधुरस टिपताना दिसतात. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा रंगीत नाकतोडा पानांवर ताव मारतो. त्याच्या पिल्लाला डिवचल्यास ते द्रवाची पिचकारी उडवते. फळे तडकली की रेशमी तंतूंच्या बिया वाऱ्यावर दूरवर पसरतात.

शहर विस्तारत असताना मोकळ्या भूखंडांची ‘साफसफाई’ करताना रुई सर्वप्रथम उपटली जाते. तिच्या जागी लावलेली परदेशी शोभेची झाडे फुलपाखरांना मध देऊ शकतील. परंतु ‘प्लेन टायगर’च्या अळीला रुईच्या कुळातील वनस्पतीच लागते. अळीचे अन्न संपले की त्या परिसरातील फुलपाखरांची पुढची पिढी खुंटते.

स्थानिक वनस्पतींना शहरात स्थान देणे शक्य असल्याचे उदाहरण जयपुरातच आहे. नाहरगडच्या पायथ्याशी जयपूर विकास प्राधिकरणाने विकसित केलेले किशनबाग उद्यान २०२१ मध्ये खुले झाले. तेथे वाळूचे नैसर्गिक टेकाड राखून खेजडी, रोहिडा, खींप अशा मरुभूमीतील वनस्पतींना प्राधान्य देण्यात आले आहे. यांतील खींप ही रुईच्याच कुळातील आहे.

अर्थात, रुई सर्वत्र वाढावी असे नाही. अतिचराईने उजाड झालेल्या कुरणांत तिचे रान माजते आणि ऑस्ट्रेलियात तर ती उपद्रवी तण ठरली आहे. तिचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे मुलांच्या खेळाच्या जागी ती नसणेच हिताचे. मात्र कुंपणाच्या कडेची वा पडीक कोपऱ्यातील चार झुडपे राखणे, आणि काढणे अपरिहार्य असल्यास आधी पानांच्या दोन्ही बाजूंना अंडी किंवा पट्टेदार अळ्या आहेत का हे पाहणे, एवढे कोणालाही करता येण्याजोगे आहे. त्यासाठी पाणी, खत वा निधी यांपैकी कशाचीही गरज नाही.