चार लिटर बिअर आणि घनतेचं गणित

ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी बनवायला परवाना लागत नाही. तिथले अनेक हौशी एका वेळी चार-पाच लिटरच लावतात. आंबण्याची क्रिया कुठवर आली, हे द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारा हायड्रोमीटर सांगतो. माल्टच्या गोड काढ्यात साखर असते, म्हणून तो पाण्यापेक्षा जड. यीस्ट साखर संपवतं, तशी विशिष्ट घनता उतरते. सुरुवातीला १.०५० आणि शेवटी १.०१० असेल, तर अल्कोहोल साधारण सव्वापाच टक्के.

मग एकाच भांड्यातली दोन मापं जुळत का नाहीत? पहिलं कारण तापमान. हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअससाठी आखलेला असेल, तर ४० अंशांच्या काढ्यात आकडा सुमारे ०.००६ ने कमी दिसतो. दुसरं, वरून घातलेलं पाणी नीट ढवळलं नाही, तर पातळ थर वर आणि दाट खाली राहतो. तिसरं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे काचेला चिकटून हायड्रोमीटर वर उचलतात आणि आकडा फुगतो. हायड्रोमीटर बोटांनी गरकन फिरवा, बुडबुडे सुटतील. मग नजर द्रवाच्या पातळीत आणून वाचा.

हायड्रोमीटरच्या मापासाठी चार लिटरमधून दर वेळी १०० मिलिलिटर काढणं परवडत नाही. प्रकाश किती वाकतो यावरून साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब पुरतात, पण अल्कोहोल तयार झाल्यावर त्याच्या आकड्याला दुरुस्ती लावावीच लागते.

दोन-तीन दिवसांच्या अंतरानं घेतलेली मापं सारखी आल्याशिवाय बाटल्या भरू नयेत. उरलेली साखर बंद बाटलीत आंबत राहिली, तर दाबानं काच फुटून गंभीर इजा होऊ शकते.