गादी बसली, म्हणून टाकायची?

चेण्याला एकीकडे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसरीकडे वसईची खाडी. पावसाळ्यात हवा इतकी दमट, की कापूस ओलावा धरतो, अंगाखाली दबतो आणि त्याचे गोळे होतात. आईच्या गादीला मधोमध असा खळगा पडला, की सकाळी ती कंबर धरूनच उठे. घरात फोमचा आग्रह सुरू झाला. मी पिंजारी शोधून आणला. हल्ली तो सहजी मिळत नाही.

त्याने खोळ उसवली, धुनकीची तात कापसावर धरून लाकडी दांड्याने छेडली. त्या कंपनाने चिकटलेले तंतू सुटतात, मध्ये हवा शिरते; गादीची उभारी ती या हवेचीच. दोन किलो नवा कापूस मिसळला, मधोमध जरा जास्त भरला, दाभणाने टाके घातले. (टाके विरळ असले, की कापूस सरकून पुन्हा खळगा.) पलंगाची फळीही वाकली होती, ती बदलली. वाकल्या फळीवर कोरी गादीसुद्धा बसतेच! फोमचे तसे नाही. एकदा दबला, की तो कोण पिंजणार?

आई आता भिंतीला हात न लावता उठते. महिन्याला गादीची डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवून घेते, ऊन पडले की गच्चीत टाकायला लावते. फोमचा आग्रह धरणारा नातू दुपारी तिच्याच गादीवर सापडतो.