पुणे दोन घरांत, कोल्हापूर सात घरांत
(सी आणि टर्मिनल : लेखांक ७)

मागच्या लेखांकात टर्मिनलच्या खिडकीत इंग्रजी नावांचा तक्ता काढला, तो ओळंब्यात आला. आता त्याच तक्त्यात गावांची नावं मराठीत घाला. रकाने लगेच वाकडे होतात. बहुतेक जण फॉन्टला दोष देऊन मोकळे होतात. फॉन्टचा दोष असतोही, पण रकाने मोडतात ते मोजणी चुकल्यामुळे.

‘पुणे’ घ्या. स्ट्रलेन त्याची लांबी १२ सांगतं, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. चिन्हं मात्र चारच : प, उकार, ण आणि एक मात्रा. पडद्यावर तर घरं दोनच लागतात. उकार खाली लटकतो, मात्रा डोक्यावर बसते. त्यांना वेगळी जागा नको. ‘कोल्हापूर’चे बाइट २७, चिन्हं ९, घरं ७. इथे काना आणि ओकार मात्र एकेक घर अडवतात, पाय मोडण्याचं चिन्ह शून्य. हा हिशेब डब्ल्यूसीविड्थ हे फंक्शन एकेका चिन्हासाठी देतं. अख्ख्या शब्दासाठी डब्ल्यूसीएसविड्थ आहे.

प्रिंटएफला ‘दहा जागा राखून ठेव’ असं सांगितलं की ते बाइट मोजतं. ‘पुणे’ आधीच बाराचं, म्हणून पुढे एकही मोकळी जागा पडत नाही. मग डब्ल्यूप्रिंटएफ वापरावं, तर ते चिन्हं मोजतं : ‘सातारा’ला चार मोकळ्या जागा, एकूण दहा घरं, ‘पुणे’ला सहा, एकूण आठ. दोन घरांचा घोळ राहिलाच. आणि एकदा आउटपुटवर प्रिंटएफ चाललं, की त्याच प्रवाहात डब्ल्यूप्रिंटएफ अपयशी ठरतं, उलटंही तेच. तक्रार कुणी करत नाही. परत आलेली ऋण संख्या बघितली तरच कळतं, आणि ती बघतो कोण?

या सगळ्याच्या आधी सेटलोकेल हवं, रिकामी स्ट्रिंग देऊन. सी प्रोग्राम सुरू होतो तो ‘सी’ नावाच्या कोऱ्या लोकेलमध्ये, आणि त्याला देवनागरी ठाऊक नसते. ही एक ओळ राहिली की पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग येते किंवा काहीच येत नाही. एनकर्सेस वापरत असाल तर ही ओळ इनिटस्क्रच्या आधीच यायला हवी. लायब्ररीही साधी नव्हे, शेपटीला डब्ल्यू असलेली जोडायची. तिथे एका घरात एक मूळ अक्षर आणि त्याला चिकटलेली शून्य रुंदीची चार चिन्हं मावतात. मराठीला एवढं सहसा पुरतं.

घरं हा शब्द मी मुद्दाम धरून बसलोय. १९७८ साली आलेल्या व्हीटी१०० टर्मिनलवर ८० रकाने आणि २४ ओळी होत्या, आणि आजच्या खिडक्याही गणिताच्या चौकटीच्या वहीसारखीच जागा वाटतात. म्हणून अक्षरजुळणी न करणाऱ्या टर्मिनलवर ‘निपाणी’तली पहिली वेलांटी न च्या डावीकडे न येता उजवीकडच्या घरात जाऊन बसते. एमएलटर्म ही जुळणी करतो. ती तुमच्या प्रोग्रामच्या हातात नाही. रकाने सरळ ठेवणं आहे.

त्यासाठी मोकळ्या जागा स्वतःच मोजून भराव्या लागतात : दहातून डब्ल्यूसीएसविड्थचं उत्तर वजा करा आणि तेवढ्या जागा सोडा. एक खोच आहे. नाव एफगेटडब्ल्यूएसने फाइलमधून वाचलं असेल, तर शेवटी ओळ तोडणारं चिन्ह शिल्लक असतं. ते छापण्याजोगं नसल्यामुळे डब्ल्यूसीएसविड्थ उणे १ देतं, वजाबाकी ११ येते, आणि ‘पुणे’नंतर ओळ तुटून अकरा जागा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पडतात. ते चिन्ह आधी कापा, मग रुंदी विचारा.